अकरा किलो दोनशे

४ ऑगस्ट १९९७, सोमवार. बोईसर.

नवी वही, नवी नोकरी, नवं गाव. सुरुवात चांगल्या अक्षरात करते, पुढे कसं होईल तसं होवो.

स्टेशनाबाहेर आले आणि कारखान्यांचा वास नाकात शिरला. सडक्या अंड्यांवर कुणी फिनेल ओतावं तसा. रिक्षावाला हसून म्हणाला, "मॅडम, आठ दिन. फिर अपने मुलुक जाओगे तो उधर की हवा फीकी लगेगी." संस्थेचं ऑफिस तारापूर रस्त्याला, एका दुमजली इमारतीच्या तळमजल्यावर आहे. प्रमुख डॉ. पुंडलिक राऊत, माकुणसारचे. मुलांचे डॉक्टर. समोरच्या माणसाचं वजन ते डोळ्यांनीच करतात. मला म्हणाले, चोपन्न असाल. बरोब्बर चोपन्न!

सर्व्हर पाहिला. शिवणयंत्राएवढा राखाडी डबा, मे महिन्यातच आणलाय. त्याच्या खोलीला एसी आणि आम्हा माणसांना पंखे. मी लगेच माझं टेबल त्याच्या खोलीत हलवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, पुण्याची माणसं हुशार असतात.

खोली रत्नाबाईंकडे मिळाली. त्या मूळच्या किनाऱ्यावरच्या दांडी गावच्या, मांगेल्या कोळ्यांतल्या, बाजारात सुकी मासळी विकतात. नवरा होडीवरून गेला त्याला बारा वर्षं झाली. मी मासे खात नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं पाहिलं आणि म्हणाल्या, "मंग तुमी जगता कशावर, बाई?"

फार दिवसांनी हसले.

६ ऑगस्ट, बुधवार

काम लिहून ठेवते. मनोर रस्त्याकडच्या डोंगरातल्या तेवीस पाड्यांवरची सहा वर्षांखालची मुलं, एकूण १८४६, दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वजन करून नोंदवायची. पूर्वी हे सगळं फायलींमध्ये होतं, आता रिलेशनल डेटाबेसमध्ये आहे. तीन टेबलं: गावं, मुलं, वजनं. तिन्ही एकमेकांना बांधलेली. मुलाची ओळ घालायची तर त्याचं गाव आधी असावं लागतं. वजन घालायचं तर मूल असावं लागतं. आमच्या धंद्यात याला पालक-ओळ आणि बालक-ओळ म्हणतात. ऑफिसातल्या हंसाला, म्हणजे डेटा एन्ट्री करणाऱ्या मुलीला, हे सांगितलं तर ती खूश झाली.

माझं काम राखणदारीचं. सकाळी आल्यावर डिस्कमध्ये जागा किती, कोण कोण आत शिरलंय, कालच्या ओळी किती नि आजच्या किती, हे बघायचं. जेवणाच्या सुट्टीत टेपवर बॅकअप. प्रत्येक वजनापुढे ते कुणी भरलं याचा रकाना आहे आणि तो रिकामा राहूच शकत नाही, असा नियम मी काल घातला. शिवाय कुठलाही बदल केला की तो पक्का करावा लागतो. पक्का करेपर्यंत मागे घेता येतो. ही सोय मला पहिल्यापासून आवडते.

मेलेल्या मुलांच्या ओळी काढायच्या नाहीत. मृत्यूची तारीख नि वेळ भरायची आणि ठेवायच्या. अभ्यासाला लागतात, असं डॉक्टर म्हणाले.

८ ऑगस्ट, शुक्रवार

आज डॉक्टरांनी मला मासवणला पाठवलं. आकडे येतात कुठून ते पाहून या, म्हणाले. गावाच्या मागून चढ चढून वरचा पाडा. बरोबर जिवली होती, तिथलीच, संस्थेची सेविका. पस्तिशीची, काटक, डोक्यावर पोतं घेऊन अनवाणी चालते. रात्रशाळेत आकडे शिकली आणि आता तिच्या आकड्यात चूक सापडत नाही.

आंब्याच्या फांदीला काटा टांगायचा, त्याला कापडाची झोळी, झोळीत मूल. तेवीस मुलं झाली. शेवटचा चिंतू, जिवलीचा स्वतःचा, दोन वर्षांचा. आठ किलो सहाशे. वयाच्या मानानं कमीच, पण झोळीत बसून राजासारखा हसत होता.

परतताना जिवली म्हणाली, "याच्या आदी सोमी होती. गेली. गेल्या सालच्या आखाडात ताप आला, दवाखान्यात नेली, दुपारची गेली." एवढंच. मग मला विचारलं, "बाय, तुजं बी एक गेलंय ना?"

मी म्हटलं, नाही. मला मूलच झालं नाही.

तिनं माझ्याकडे पाहिलं नि पोतं दुसऱ्या बाजूला सरकवलं.

१८ ऑगस्ट, सोमवार

नारळी पौर्णिमा. रत्नाबाई नारळ घेऊन दांडीला गेल्यात. घर रिकामं आहे. खोटं बोलल्याचं दहा दिवस टोचतंय, म्हणून इथे लिहिते.

शाल्मली. जन्म ९ जुलै १९९१. मृत्यू २ फेब्रुवारी १९९४, दुपारी चार वीस. मेंदूज्वर. औषधाचं प्रमाण ठरवायला नर्सनं वजन केलं होतं, अकरा किलो दोनशे. त्यानंतर तिच्या बाबांनी, सदानंदनी, पंधरा दिवसांत तिचे कपडे देऊन टाकले. वाईट हेतूनं नाही. त्यांना ते बघवत नव्हते आणि मला ते नसलेले बघवत नव्हते. आता ते पुण्यात आणि मी इथे. भांडण म्हणावं असं काही झालंच नाही.

बस.

५ सप्टेंबर, शुक्रवार

हिशेब जुळत नाही. वजनांचे कागद १८४६ आणि टेबलात या महिन्याच्या ओळी १८५३. सात जास्त. हंसाला विचारलं, तिनं पुन्हा सगळं मोजून दाखवलं, तिची चूक नाही. त्या सात ओळी शोधून काढल्या. सातही मुलं मेलेली आहेत.

कुणी भरलं हा रकाना सातही ठिकाणी रिकामा. तो रिकामा राहू शकत नाही. मशीननं ती ओळ नाकारायलाच हवी.

डॉक्टरांना सांगितलं. जुन्या फायली भरताना काही घोटाळा झाला असेल, सवडीनं बघा, म्हणाले. उद्या गणपती, सगळ्यांना घरी जायची घाई.

८ सप्टेंबर, सोमवार

सातांपैकी एक वरच्या पाड्यावरची सोमी आहे. जिवलीची.

तिची सगळी वजनं काढली. मेली तेव्हा नऊ किलो चारशे. पुढच्या महिन्यात नऊ सहाशे. मग नऊ आठशे. चौदा महिने, एकही महिना चुकलेला नाही आणि एकदाही वजन घटलेलं नाही. आज ती बारा किलो दोनशे आहे. पाड्यावरच्या एकाही जिवंत मुलाची रेघ इतकी सुरेख चढत नाही. प्रत्येक नोंदीची वेळ दुपारी दोन दहा. मृत्यूच्या रकान्यातही दोन दहाच आहे. बाकीच्या सहांचं तसंच, ज्याची त्याची वेळ वेगळी.



भीती वाटायला हवी होती, ती नंतर वाटली. आधी जे वाटलं ते लिहायला लाज वाटते. मला बरं वाटलं. कुठेतरी कुणीतरी त्यांना झोळीत घालून काट्याला लावतंय, असं वाटलं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज हंसा लवकर गेली. मी मुलांच्या टेबलात एक ओळ घातली.

नाव, जन्मतारीख, मृत्यूची तारीख, वेळ. गावाशिवाय मशीन ओळ घेईना. पुणे आमच्या गावांत नाही. समोर वरच्या पाड्याचा नंबर उघडा होता, तो घातला. मग वजनांच्या टेबलात एक नोंद: अकरा किलो दोनशे.

पक्कं करायच्या आधी बराच वेळ बसून राहिले. मग केलं.

कुणाचं काय जातंय?

१५ सप्टेंबर, सोमवार

अकरा किलो पाचशे. दुपारी चार वीस.

मी काही भरलेलं नाही. कुणी भरलं तो रकाना रिकामा आहे.

बाकीच्यांचं महिन्यातून एकदा येतं. तिचं तीन दिवसांत आलं. साडेतीन वर्षं मागे आहे ना ती.

रत्नाबाईंकडे दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. त्या म्हणाल्या, "आज बाई माणसात आली."

२४ सप्टेंबर, बुधवार

आता रोज येतं. तेरा किलो एकशे. चारला मी दार लावून घेते, सर्व्हरचं काम आहे सांगते. चार वीस झाले की मांडी जड होते. कल्पना नाही ही. साडी दाबली जाते, चुण्या पडतात. तेरा किलोचं मूल मांडीवर बसलं की पायाला मुंग्या यायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्या वेळात येतात.

मी हात ठेवून बघितला नाही. ठेवला नि काही लागलं नाही तर?

सदानंदना पत्र लिहायला घेतलं. काय लिहिणार? फाडलं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

जिवली कागद घेऊन आली. ऑफिसात बसली नाही, पायरीवरच बसली. वरच्या पाड्यावरची सगळी मुलं उतरलीत. एकही सुटलं नाही. कुणी शंभर, कुणी दोनशे. चिंतू आठ पाचशेवरून सात दोनशे.

म्हणाली, "काटा खोटा बोलतो काय, बाय? मी तीनदा केला." ताप नाही, जुलाब नाहीत. पोर खातंय, उलट जास्तच खातंय. रात्री उठून मागतंय.

डॉक्टर स्वतः जाऊन आले. पाणी तपासायला दिलं, जंताची औषधं वाटली, क्षयाची तपासणी लिहून दिली. शेजारच्या पाड्यावर, अर्ध्या मैलावर, मुलं ठीक आहेत. डॉक्टरांना काही कळत नाहीये, आणि त्यांना काही कळलं नाही की ते मान खाली घालून बसतात.

मला कळतंय. आजच्या दिवस मला कळू नये.

६ ऑक्टोबर, सोमवार

बेरीज केली. करायची नव्हती, पण माझं कामच ते.

सोमी दोनशे ग्रॅम वाढली. शाल्मली तीन तारखेला चौदा किलो नऊशे, म्हणजे अकरा दोनशेवरून तीन किलो सातशे वाढली. दोघींची मिळून वाढ तीन किलो नऊशे.

पाड्यावरच्या तेवीस मुलांची मिळून घट तीन किलो नऊशे.

मागचे महिने काढले, सोमी एकटी होती तेव्हाचे. तिच्या वाढीचे दोनशे ग्रॅम दर महिन्याला पाड्यावरून कुठून ना कुठून गेलेले आहेत. तेवीस जणांत दोनशे ग्रॅम, कुणाला पत्ता लागणार? मुलं तेवढी कमी वाढली, एवढंच. दुसऱ्या सहा पाड्यांवरही तेच आहे.

हळूहळू घेत होती ती. माझी हळू घेत नाही.

चिंतूच्या एकट्याचे एक किलो तीनशे. तो सगळ्यांत लहान आहे म्हणून असेल.

७ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी पोहोचल्या पोहोचल्या शाल्मलीची वजनं काढली, मग ओळ काढायची आज्ञा टाइप केली. मशीन म्हणालं, एक ओळ निघाली. पक्कं करायचं उरलं.

मागे घेतलं.

पुन्हा टाइप केली. मागे घेतलं. दुपारी तिसऱ्यांदा, तीही मागे घेतली. तेव्हा चार वाजून अठरा मिनिटं झाली होती.

मग मी जे केलं ते लिहिते, कारण कुणीतरी लिहायला हवं. मी सोमीची वजनं नि ओळ काढली आणि पक्कं केलं. बाकी सहा पाड्यांवरच्या सहांच्याही काढल्या. सात लेकरं एका ओळीच्या आज्ञेनं. माझी तेवढी ठेवली.

९ ऑक्टोबर, गुरुवार

जिवली चिंतूला घेऊन आली. इथल्या दवाखान्यात भरती केलाय. सहा किलो सहाशे. मान धरत नाही. डोळे मोठे झालेत आणि ते सगळ्या ताटांकडे बघतात.

संध्याकाळी तिला बाहेर व्हरांड्यात बसवून सांगितलं. सोमीचं नाव मशीनमध्ये होतं, ती वाढत होती, चिंतूचं थोडं थोडं घेऊन वाढत होती, आणि मी तिला न विचारता ती काढून टाकली. वाटलं होतं ओरडेल, किंवा मला वेडी म्हणेल. ती बराच वेळ पदराचं टोक पिळत राहिली.

"वाढली व्हती?" तिनं विचारलं. "किती?"

मी म्हटलं, बारा किलो चारशे.

"बारा." तिनं हातानं उंची दाखवली, जमिनीपासून एवढी. मग हात खाली केला. "बरं केलास, बाय. ती जेवडी व्हती तेवडीच माजी. बाकीची माजी नाय." डोळे पुसले. मग म्हणाली, "पन सोमीला काडलास, तरी माजा पोर उतरतोच हाय. मंग आता कोन खातंय?"

मी नजर वळवली. ती उठून पोराकडे गेली.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

सुचलं. पहाटेपासून सुचत होतं.

ओळ काढणं मला जमत नाही, पण हलवता तर येते. गावांच्या टेबलात चोविसावं गाव घातलं. नाव रिकामं चालत नाही, म्हणून 'दोघी' लिहिलं. शाल्मलीला वरच्या पाड्यावरून उचलून त्या गावात टाकलं. तिथे दुसरं कुणी नाही.

मग मुलांच्या टेबलात माझी ओळ घातली. जन्म १९६४. वयाचा नियम घालायचा राहूनच गेला होता, मशीननं मुकाट घेतली. गरोदर बायकांसाठी ऑफिसात उभं राहायचा काटा आहे, त्यावर उभी राहिले. चोपन्न. तिचे आज सोळा. दोघींचे मिळून सत्तर.

आई म्हणून करायचं ते शेवटी एवढंच ना?

पक्कं केलं, आणि लगेच. चार वीसला मांडी जड झाली आणि पहिल्यांदाच पोटात खड्डा पडल्यासारखी भूक लागली.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

चिंतू सात किलो शंभर! दोन्ही हातांनी पेज खातोय. पाड्यावरची बाकीची मुलंही सावरली. डॉक्टर म्हणाले, जंतच असणार. जिवली माझ्या मनगटाकडे बघत होती.

मी एक्कावन्न पाचशे. ती अठरा पाचशे. सहा वर्षांच्या मुलीचं एवढंच असायला हवं. पोचली ती. आता थांबेल.

२० ऑक्टोबर, सोमवार

सेहेचाळीस. चोवीस.

थांबली नाही.

रत्नाबाई ताटात भाताचा डोंगर करतात, मी तो संपवते. त्या म्हणाल्या, "बाई, तुमी जेवता की सांडता? आमच्या घरात उपाशी मेली म्हनतील लोकं." आज मी स्वतः होऊन बोंबील मागितला. त्या हसल्या नाहीत. ताट ठेवून जवळ बसून राहिल्या.

बांगड्या काढून ठेवल्या. राहात नाहीत.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

आज हात ठेवला. ज्या उंचीवर तिचं डोकं असायचं, तिथे.

अडीच वर्षांची होती तेवढंच. तेवढीच उंची. वाढली नाही, जराही नाही. नुसती जड झालीय. केस होते, गार होते. मी "शालू" म्हटलं. ती वळली नाही. तोंड माझ्या पोटाशी लावून बसली होती आणि—

हात काढून घेतला.

आई म्हणायला तिला येत होतं. दीड वर्षाची असल्यापासून येत होतं.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

अडतीस. बत्तीस.

पुन्हा ओळ काढायला बसले. बोटं कळा दाबत नाहीत, ताकदच नाही. हंसानं धरून बाहेर आणलं. डॉक्टर घाबरले. दवाखान्यात चला म्हणाले, रक्त काढलं, काही सापडलं नाही. मी सांगितलं त्यांना, सगळं सांगितलं. त्यांनी हात धरून ऐकून घेतलं आणि म्हणाले, दिवाळीत विश्रांती घ्या. मुलीबद्दल आधी का नाही बोललात?

ते रडले. विश्वास नाही ठेवला.

३० ऑक्टोबर

दिवाळी. ऑफिस बंद. सर्व्हर चालू असतो.

रत्नाबाईंनी सदानंदना तार केली. येतील की नाही ठाऊक नाही.

आता खाटेवरच येते. चार वीस लागत नाही. सकाळीही असते. पाय हलवता येत नाहीत, तिच्याखाली आहेत. रत्नाबाई चादर बदलायला आल्या नि म्हणाल्या, इथं एवडा खड्डा कसला पडलाय—

मग त्या मागे सरल्या. दारातच उभ्या राहिल्या. त्यांनीही पाहिलं. चादर आपोआप दबलेली.

पण त्या गेल्या नाहीत. माझ्याकरता पेज घेऊन परत आल्या.

१ नोव्हेंबर

जिवली आली. वीटभट्टीवर निघालीत सगळी, भिवंडीकडे. चिंतू कडेवर, गाल भरलेले. माझ्याकडे बघून हसला. झोळीत हसला होता तसा.

बघवलं. चांगलं वाटलं. एवढं तरी.

तिला सांगितलं, कोण खात होतं ते. "ठाव हाय," ती म्हणाली. "तवाच ठाव झाला. तू आपल्या अंगावर घेतलास म्हून गप रायले." चिंतूला रत्नाबाईंकडे दिलं. खाटेवर बसली, माझ्या मांडीच्या वर हात धरला, हवेत. लगेच काढला.

"बाय, ही तुजी पोर नाय. तुजी गेली. ही नुसती भूक हाय."

मी म्हटलं, असू दे.

ती म्हणाली, असू दे म्हनू नको.

हंसाचा निरोपही आलाय. डॉक्टरांनी सोमवारी गावांचे नंबर साफ करायला सांगितलेत. 'दोघी' नावाचं गाव तालुक्यात नाही. त्यातल्या दोन नोंदी चुकून पडल्या असणार, वरच्या पाड्यावरून आल्यात, परत तिथेच टाकायच्या—

तेवीस मुलं.

चिंतू.

२ नोव्हेंबर, रविवार

लिहायला हवं. पेन जड. जिवली थांबलीय, भट्टीचा ट्रक सोडला तिनं. ही वही सकाळी उजाडताच ती डॉक्टरांना नेऊन देईल.

डॉक्टर, विश्वास ठेवू नका, पण करा. एवढं माझ्यासाठी.

'दोघी' कुठेही हलवू नका. वरच्या पाड्यावर नाही. कुठेच नाही.

आधी दोघींची वजनं काढा. मग दोघींच्या ओळी. मग गाव. पक्कं करा. मी तीनदा मागे घेतलं, तुम्ही घेऊ नका.

टेपांवरही आहे ती. सप्टेंबरपासूनच्या सगळ्या. जाळा.

काटा नाही इथे, पण मला कळतं. आज सारख्या आहोत आम्ही. पस्तीस, पस्तीस. उद्या ती जास्त.

डोकं माझ्या छातीवर आहे. जुन्या तेलाचा वास येतोय, तिच्याच. जिवली म्हणते ती नाही. मला आता कळत नाही. अडीच वर्षांच्या मुलाला अंधाराची भीती वाटते, हे मला माहीत आहे.

म्हणून डॉक्टर, एकच. दोघींना एका आज्ञेत काढा. एकदम. आधी मला नि मग तिला असं करू नका, मधे एक क्षणही जाऊ देऊ नका, कारण ती एकटी राहिली तर ती—